कोपीतल्या पोराचं वजन कोण करणार?

ओपीडीत हिशेब लागतो तो आलेल्या मुलांचा. न आलेल्यांचं काय, हा प्रश्न डोक्यात शिरला की तपासून चिठ्ठी लिहून देणं पुरेनासं होतं. माझं अलीकडे तसंच झालंय. जुलाबाचं पोर आलं की आधी ‘पाणी कुठलं पिता?’ असं विचारतो. केसपेपरवर त्याला रकाना नाही.

सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि माणात जेमतेम ५००च्या आसपास. सांगलीतही वाळवा आणि जत यांच्यात फरक आहेच. तरी सगळं दुष्काळावर ढकलून मोकळं होता येत नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुली दोन्ही जिल्ह्यांत हजार मुलग्यांमागे ९००हून कमी होत्या, आणि गर्भलिंगनिदानाला पैसे मोजावे लागतात.

सर्वांत छळतो तो उसाचा हंगाम. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, त्यामुळे पोर आजारी म्हणून खाडा केला तरी पैसे कापले जातात. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, प्लास्टिकचं छप्पर, चुलीचा धूर, वर्षाचं पोर सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. लसीचं कार्ड गावाकडच्या पेटीत. अंगणवाडीच्या वहीत नाव तिकडे, पोर इकडे. गोवरच्या दुसऱ्या डोसचं वय, म्हणजे सोळा ते चोवीस महिने, असंच निघून जातं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर मूल तीव्र कुपोषित. टेप लावायला मिनिटभर पुरतं, पण लावायला तिथं जावं लागतं.

डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग गडचिरोलीत असेच घरापर्यंत गेले. दोघांपैकी कुणीही बालरोगतज्ज्ञ नाही, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना टोचायला हवं! त्यांनी शिकवलेल्या गावातल्याच बायका बाळाचं वजन करत, जंतुसंसर्ग ओळखत, जेन्टामायसिनचं इंजेक्शनही देत. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्याचं मूळ तिथलं. पण टोळीचा मुक्काम दर हंगामाला बदलतो, आणि आशाताईच्या वहीत तो नसतो.

कुठल्या टोळीत किती कोयते, हे साखर कारखान्याला ठाऊक असतं. त्याच यादीत पाच वर्षांखालच्या मुलांची नावं घालावीत आणि गाळप सुरू होतानाच ती प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, अशी मागणी दोन्ही जिल्ह्यांतल्या बालरोगतज्ज्ञांनी मिळून कारखान्यांच्या अध्यक्षांकडे करावी. त्यांची नातवंडं आपल्याच दवाखान्यात येतात. आपला शब्द ते सहसा मोडणार नाहीत.

(लेखक बालरोगतज्ज्ञ आहेत.)