पेटी कोणाची, सुकाणू कोणाचे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरातलेच आहे. माझे आजोबा गोदीत हमाल होते. "पेट्या आल्या आणि पाठीवरची पोती गेली," असे ते सांगत. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या एका जहाजातून धाडल्या, आणि पुढे जगभर एका मापाची पेटी आली. ती लॉरीवर, रेल्वेवर, जहाजावर तशीच चढते.

संगणकाच्या जगात हीच युक्ती 'डॉकर'ने २०१३ साली रूढ केली. आज्ञावली आणि तिला लागणारे सामान एका पेटीत बांधायचे, म्हणजे ती इथे चालली तशी तिथेही चालते. अशा हजारो पेट्या सांभाळणारे 'कुबरनेटीस' गूगलने २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यातला तांडेलच म्हणा ना! मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार आज या साधनांवर चालतात. ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी अशी मुभा आहे.

परंतु फुकट मिळाले म्हणजे आपले झाले काय? मला तसे वाटत नाही. दूरवरचे संगणक लेखी सूचनांनी उभे करणारे 'टेराफॉर्म' हे साधन २०१४ पासून खुले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या मालक कंपनीने परवाना बदलला आणि व्यापारी प्रतिस्पर्ध्यांना मज्जाव केला. मात्र एकदा दिलेली मुभा परत घेता येत नाही! जुन्या प्रतीवरून इतरांनी 'ओपनटोफू' उभे केले व ते लिनक्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवले. कुबरनेटीसही २०१५ पासून याच संस्थेच्या छत्राखाली आहे. तात्पर्य, खुलेपणा टिकतो तो मालकाच्या औदार्याने नव्हे, तर राबणाऱ्या अनेक हातांनी.

मित्रहो, त्या हातांत आपले हात का नसावेत? कुबरनेटीसची माहिती स्वयंसेवकांनी हिंदीत व बंगालीत आणली आहे. ते काम भाषेच्या विद्यार्थ्यांचेच नव्हे काय? संगणकाच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर मराठीचे काम आपल्या महाविद्यालयातही उभे राहील. गोदीत पेटी आली तेव्हा आजोबांना कोणी विचारले नव्हते. या नव्या पेटीला मात्र नातवाने हात लावायची मुभा आहे. ती न वापरणे हा आपलाच करंटेपणा ठरेल.

— द्वितीय वर्ष, कला