कोरियन जेवण, सूर्यास्ताच्या आत



परीक्षा संपली आणि लेकीने जाहीर केलं, "आई, या वाढदिवसाला घरी कोरियन पार्टी!" वर्गातल्या सहा मैत्रिणी येणार, त्यांतल्या दोघीच जैन. सासूबाईंनी हातातली माळ थांबवून विचारलं, "काय खातात गं ते लोक?" मला उत्तर देता आलं नाही.

एक गोष्ट मात्र आठवत होती. दोन महिन्यांपूर्वी हीच पोर एका मैत्रिणीकडे कोरियन नूडल्स खाऊन आली. नंतर पाकीट वाचलं तर त्यात मांसाचा अर्क होता. त्या रात्री ती खूप रडली. मी रागावले नाही, पण पाकिटाची मागची बाजू वाचायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं, हे मला आजही खुपतं.

म्हणून या वेळी नकार द्यायच्या आधी मी माहिती काढायला बसले. आणि माझं मत असं झालं की मुलांच्या आवडी घराबाहेर ढकलल्या तर त्या संपत नाहीत, फक्त आपल्या नजरेआड जातात. त्या घरात आणाव्यात. पण नुसतं 'जैन' असं लेबल चिकटवून आणू नयेत.

आधी काय चालणार नाही ते पाहिलं. किमची म्हणजे कोबी किंवा मुळा, त्यात लसूण, आणि बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस. हे सगळं काढलं तरी ती दिवसचे दिवस आंबवलेली असते. आपली लोणच्याची मर्यादा चोवीस तासांची. गोचुजांग ही त्यांची लाल मिरचीची चटणी आंबवलेल्या सोयाबीनची. सोया सॉसही आंबवलेलाच. जापचे या पदार्थातल्या काचेसारख्या शेवया रताळ्याच्या पिठाच्या, म्हणजे कंदमूळच. अळंबी नको, समुद्रातलं शेवाळ नको. यादी ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग उरलं काय?"

उरलं ते मला कोरियातल्या बौद्ध मठांत सापडलं. तिथले भिक्षू आणि भिक्षुणी मांस-मासे खात नाहीत. लसूण, कांद्याची पात अशा पाच उग्र वस्तू वर्ज्य मानतात, कारण त्यांनी मन चाळवतं. गंमत म्हणजे त्या पाचांत हिंगही आहे! आपण कांदा-लसणाऐवजी ज्या हिंगावर विसंबतो, तोच. बेक्यांगसा मठातल्या जोंग क्वान या भिक्षुणींचं जेवण 2017 साली 'शेफ्स टेबल' या मालिकेमुळे जगाला माहीत झालं. त्यांचं सगळंच आपल्याला चालेल असं नाही. ते मुळा खातात, अळंबी खातात, आंबवलेलंही खातात. पण जिभेवर ताबा ठेवून रांधायची रीत त्या देशातही जुनी आहे, हे कळल्यावर माझी भीती गेली.

मग बेत ठरला. बिबिमबाप, म्हणजे भातावर वेगवेगळ्या भाज्या मांडून कालवायचा पदार्थ. मी काकडी, दुधी, फरसबी, ढोबळी मिरची आणि लाल भोपळा घेतला. प्रत्येक भाजी वेगळी परतून भाजलेल्या तिळाचं कूट लावलं. चटणी ब्याडगी मिरची, गूळ, तीळ आणि लिंबाची, त्याच दिवशी वाटलेली. काकडीची तिखट कोशिंबीर त्यांच्याकडेही ताजी करून खातात, तिने किमचीची जागा घेतली. शेवटी होबाकजुक, म्हणजे लाल भोपळा आणि तांदळाच्या पिठाची गोडसर पेज. ती चाखून सासूबाई म्हणाल्या, "ही तर आपलीच."

आता वादाचा मुद्दा. एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, सोयाचे तुकडे आणून 'जैन कोरियन चिकन' कर, मुली खूश होतील. मी नाही म्हटलं. यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आईच्या आग्रहाखातर त्याने पिठाचा कोंबडा बळी दिला. जीव कुठलाच गेला नाही, तरी त्या संकल्पापायी मायलेकांना पशुयोनीत किती जन्म भोगावे लागले! ताटात भाजीच असेल, पण मनात कोंबडी असेल, तर आपण मुलांना त्याग शिकवत नाही, हुरहुर शिकवतो. त्यापेक्षा जे मुळातच भाजीचं आहे ते करावं, आणि जे जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगावं.

वेळेचंही तसंच. 'डिनर' म्हणजे रात्रीच, असं कुणी सांगितलं? मुलींना पाचला बोलावलं. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आटोपलं. कुणी तक्रार केली नाही. खेळ आणि गाणी नंतर आठपर्यंत चालली.

काही जणी म्हणतील, आपल्या जेवणात काय कमी आहे की हे हवं? काहीच कमी नाही. पण लेक उद्या शिकायला पुण्याला जाईल, कदाचित त्याहून लांब. तिथे तिच्या ताटावर माझी नजर नसेल. तेव्हा तिला 'आई रागावेल' हे कारण पुरणार नाही. काय का खायचं नाही, आणि त्यातूनही काय रांधता येतं, हे तिच्या हाताला माहीत हवं.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ताट पाण्याने धुऊन ते पाणी प्यायलं. एक मैत्रीण बघतच राहिली. मला वाटलं, लेक आता लाजेल. पण ती म्हणाली, "कोरियातल्या मठातही असंच करतात. जेवण झालं की वाडगा पाण्याने विसळून ते पाणी पितात. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून. आणि आमच्यात ताटाला लागलेल्या अन्नात जीव पडू नयेत म्हणूनही."

मग तिने स्वतःचं ताट धुऊन प्यायलं, मैत्रिणींसमोर. गेल्या दोन वर्षांत घरातही तिने असं केलं नव्हतं.