घरकीच छोकरी आणि तिचा कॅमेरा

सोलापूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मामूंनी दिलेल्या कॅमेऱ्यावर घरातल्या कार्यक्रमांचे फोटो काढते आणि आता हेच काम करायचं म्हणते. तिच्या अब्बांची ना नाही. पण नातेवाईक बोलावतात ते फुकट, आणि वर फोटोला नावंही ठेवतात. "तिला या वाटेनं जाऊ द्यावं का?" असं त्यांनी विचारलंय. या सदरात आपण शिवणकाम, मेहंदी, डबे अशा घर सांभाळून करायच्या कामांबद्दल बोलत आलोय. फोटोग्राफी हा तर माझाच धंदा. बारा वर्षं मिरज-सांगली भागात शादी, अकीका, साखरपुडे आणि माणसांचे पोर्ट्रेट करतेय, म्हणून या वेळी दुसऱ्या कुणाला विचारायला जावं लागलं नाही.

जाऊ द्या तिला. आपल्याकडे या कामात बाईची गरज आहे, आणि ती आजची नाही. राजा दीनदयाळ हे निजामाच्या दरबाराचे नामांकित फोटोग्राफर. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला होता. पडद्यातल्या बायकांनी पुरुषासमोर न बसता आपला फोटो काढून घ्यावा, म्हणून तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली होती. म्हणजे ही मागणी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आजही शादीत बायकांची बाजू वेगळी असते, तिथे पुरुष फोटोग्राफर आला की निम्म्या बायका पदर ओढून भिंतीकडे तोंड करतात. मग अल्बममध्ये काय येतं? नौशाचे पंचवीस मित्र येतात आणि दुल्हनची खाला एकाही फोटोत सापडत नाही. मुलगी कॅमेरा घेऊन आत गेली की जलवा, मेहंदी, बायकांची थट्टामस्करी, रुखसतीचं रडणं, सगळं मिळतं.

आता फुकटाचं. सुरुवात घरातूनच होते, पहिलं गिऱ्हाईक दुसरीकडून येतच नाही. आणि घरच्यांचं वाक्य ठरलेलं, "घरकीच छोकरी हाय, पैसे क्या लेती?" माझ्या फुफूंनी ते माझ्यासमोर, माझ्याच अम्मीला उद्देशून म्हटलं होतं. त्यात दुष्टपणा नसतो. लोकांना दिसतं ते बटण दाबणं. आठ तास उभं राहून दीड हजार फोटो काढायचे, घरी येऊन ते निवडायचे, रंग दुरुस्त करायचे, अल्बमची पानं लावायची, याला मला चार-पाच दिवस लागतात, ते कुणाला दिसत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला निदान कापड तरी दिसतं.

मी एक रीत ठेवली आहे आणि ती बरी चालली. सख्ख्या भावंडांच्या घरचं काम म्हणजे माझा आहेर, त्याला पैसे नाहीत. बाकी सगळ्यांना बिल. बिलावर आधी पूर्ण रक्कम लिहायची, खाली नात्याची सूट लिहायची, मग उरलेला आकडा. सूट तोंडी दिली तर ती कुणाच्या लक्षात राहत नाही, लिहिली की समोरच्यालाही कळतं आपल्याला काय मिळालं. अर्धे पैसे तारीख ठरवताना, अर्धे अल्बम देताना. चाचांकडून आगाऊ पैसे मागायला जीभ रेटत नाही हे खरं आहे. ते काम मी अम्मीवर सोपवलं होतं, ती माझ्यापेक्षा सरळ बोलते.

पैसे घेण्याचं आणखी एक कारण आहे, ते बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणी मोबदला देऊन फोटो काढवून घेतला, आणि वेगळा करार नसला, तर त्या फोटोचा हक्क काढवून घेणाऱ्याचा. मोबदला नसेल तर हक्क फोटो काढणाऱ्याचा. म्हणजे जे घर पैसे वाचवतं, त्या घराच्या लेकीसुनांच्या फोटोंचा हक्क कायद्यानं दुसऱ्याच्या हातात राहतो. आपल्या घरचं तरुण पोर चांगलंच असेल, पण उद्या त्यानं तेच फोटो आपल्या कामाची जाहिरात म्हणून सगळ्यांना दाखवले तर "आमचे आहेत" म्हणायला जागा कमी उरते. तेव्हा थोडे का होईना, पैसे द्यावेत, आणि एका कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सही करावी. फोटो कुणाचे, कुठे दाखवायचे, कुठे नाही. नात्यात कागद कसला, असं म्हणू नका. निकाहसुद्धा नात्यातच होतो आणि त्याचाही कागद असतोच.

कुठे दाखवायचे, हा भाग मला सगळ्यात जड वाटतो. बायकांच्या बाजूचे फोटो ही अमानत आहे. मी कार्यक्रमाच्या आधी दुल्हनच्या अम्मीला विचारते, कुणाकुणाचा फोटो नको आहे? काही घरांत फोटो अजिबात पसंत नसतो, काहींत एखादीच खाला नको म्हणते. त्या बायकांना मी आधी सलाम करून भेटून घेते, म्हणजे चेहरा लक्षात राहतो आणि त्यांनाही सारखं तोंड लपवत बसावं लागत नाही. घरी आल्यावर दोन वेगळे भाग करते. एक मर्दाना आणि कुटुंबाचे फोटो, हे वाटले तरी चालतात. दुसरा जनाना, तो पेनड्राइव्हवर दुल्हनच्या अम्मीच्या हातात. व्हॉट्सॲपवर त्यातला एक फोटोही मी पाठवत नाही. एकदा नवऱ्याकडच्या एका जवळच्या नातेवाइकानं, "आमच्याच घरच्या बायका आहेत, आम्हाला द्यायला काय होतं?" म्हणून तो भाग मागितला. मी म्हटलं, ज्यांच्या हातात दिलाय त्यांच्याकडून घ्या. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलीच्या शादीला मात्र मलाच बोलावलं.

यापेक्षा अवघड प्रसंग दोन वर्षांपूर्वी आला. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची शादी मी केली होती. दहा महिन्यांत खुला होऊन ती घरी परतली. एका दुपारी ती एकटीच माझ्याकडे आली नि म्हणाली, "आपा, माझ्या शादीचे सगळे फोटो पुसून टाका. तुमच्याकडे एकही राहू देऊ नका." तिनं हे शांतपणे सांगितलं, रडली नाही. त्याच संध्याकाळी तिच्या अम्मीचा फोन आला. मुलगी असं काही सांगेल, पण ऐकू नकोस. त्या शादीनंतर चाळीस दिवसांनी त्यांचे अब्बा, म्हणजे मुलीचे नाना, वारले होते. नानांचे चांगले फोटो तेवढेच. पैसे मुलीच्या वडिलांनी दिले होते, तेव्हा कायद्यानं हक्क त्यांचा. पण चेहरा मुलीचा.

मी काय करावं याचं उत्तर कुठल्या कागदात नव्हतं. मी दोघींनाही थोडं थांबायला सांगितलं. आठवड्यानं मुलीला बोलावलं, चहा दिला आणि म्हटलं, पुसायचे तर तुझ्यासमोर पुसू, पण नानांचे आधी तू स्वतः निवड. दुसऱ्या कुणी निवडलेले नकोत. ती दीड तास बसली. सोळाशे फोटोंतून तिनं अकरा बाजूला काढले. दहांमध्ये नाना इतर पाहुण्यांबरोबर होते. अकराव्यात रुखसतीच्या वेळी त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता, ती लाल जोड्यात. मी विचारलं, तुझा भाग कापून फक्त नाना ठेवू का? म्हणाली, "नको, तसाच असू दे. अम्मीला द्या, मला दाखवू नका." उरलेले सगळे एका ड्राइव्हवर घालून तिच्या हातात दिले आणि माझ्या कॉम्प्युटरमधून, दोन्ही प्रतींमधून, तिच्यासमोर काढून टाकले. तिच्या अम्मी थोड्या नाराज झाल्या. त्यांना आणखी हवे होते.

हे इतकं लांबवलं कारण कॅमेरा शिकवणारे कुणी हे शिकवत नाहीत. सोलापूरच्या मुलीला लेन्स आज ना उद्या कळेलच.

दुसरी गोष्ट रिश्त्याच्या फोटोची. बायोडेटासाठी पोर्ट्रेट हे बारमाही काम आहे, आणि त्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "जरा गोरी करून द्या." मी करत नाही. डाग, पुरळ, रात्रीच्या जागरणाची काळी वर्तुळं हलकी करते, कारण ती चार दिवसांत जाणारी असतात. रंग तिचा आहे, तो तसाच राहतो. एका खालांना मी म्हटलं, फोटो गोरा करून दिला तर बघायला आलेली माणसं दारातच मुलीकडे आणि फोटोकडे आळीपाळीनं बघतील, ते तिला सोसावं लागेल, मला नाही. खालांना पटलं नाही. त्यांनी दुसरीकडून करून घेतलं. अशी कामं जातात, जाऊ द्यावीत. चांगला उजेड मिळाला तर सावळा चेहरा जितका खुलतो तितका कुठल्याच ॲपमध्ये खुलत नाही. खिडकीशी बसवा, उजेड समोरून नाही तर बाजूनं येऊ द्या, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरायला धाकट्या बहिणीला उभं करा. एवढंच लागतं. आणि बायोडेटाचा फोटो कुणाकुणाकडे गेला हे घरात लिहून ठेवा. शक्य असेल तर प्रत हातात द्या आणि रिश्ता नाही जुळला तर परत मागा. जुन्या बायका हे करायच्याच.

कामाच्या दोन-चार गोष्टी मुलीसाठी. मामूंचा कॅमेरा आहे तोवर नवा घेऊ नये, पैसे असतील तर ५० एमएमची १.८ ची लेन्स घ्यावी. ती स्वस्त असते आणि कमी उजेडात चालते. काळ्या बुरख्यांचा घोळका समोर असला की कॅमेरा त्याला अंधार समजतो आणि फोटो जास्त उजळ करतो, मग काळा रंग करडा होतो नि चेहरे पांढरे पडतात. एक्स्पोजर थोडं खाली आणावं. पांढऱ्या शेरवानीला याच्या उलट. आपल्या विजेची गती ५० हर्ट्झ असल्यानं हॉलमधले दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण फोटोत आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की बहुतेक वेळा जातात. जांभळ्या एलईडीच्या स्टेजला मात्र इलाज नाही. हॉलवाल्याला गोड बोलून अर्धा तास तो दिवा बंद करायला लावणे हाच उपाय, आणि ते काम अब्बांनी केलेलं बरं.

फोटो कार्डावरून त्याच रात्री उतरवावेत, कितीही दमली तरी. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. माझी माझ्या बहिणीकडे असते. दीड हजार फोटो कच्च्या स्वरूपात ठेवले तर पस्तीस-चाळीस जीबी सहज होतात, तेव्हा जागेचा खर्चही बिलात धरावा. आणि गिऱ्हाइकाला सांगावं की व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो छापायला देऊ नका, तो लहान झालेला असतो. आठ बाय बारा इंचाची चांगली प्रत हवी तर २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला चालतो.

आणखी एक काम आहे, त्यात पैसे फारसे नाहीत. आपल्या घरांतल्या कितीतरी दादी-नानींचा उभ्या आयुष्यात एकच फोटो असतो, हजच्या पासपोर्टचा. तोही घाबरलेल्या चेहऱ्याचा. त्या गेल्या की घरचे तोच मोठा करून मागतात, आणि दोन इंचांचा फोटो मोठा करून काय येणार? म्हणून मी कुठल्याही घरी कामाला गेले की म्हाताऱ्या माणसांचा एक फोटो काढूनच येते. कार्यक्रमाच्या गर्दीत नाही, सकाळी, त्यांच्या रोजच्या जागेवर, सुपारी कातरताना किंवा तसबीह हातात असताना. आधी विचारते. एखाद्या दादी "मुझे नको गे माँ" म्हणतात, तेव्हा कॅमेरा पिशवीतच राहतो, आणि चहा मात्र प्यावाच लागतो.

सोलापूरच्या भगिनींनी मुलीकडे नेमका कोणता कॅमेरा आहे ते कळवावं, म्हणजे त्याला बसणाऱ्या लेन्सबद्दल पुढच्या अंकात लिहिता येईल. तिच्या पहिल्या पैसेवाल्या कामाचं बिल कुणाच्या नावानं फाटलं, तेही कळवा.