यंत्र आपले, किल्ली कोणाची?

गळीत हंगाम ऐन भरात असतो, गव्हाणीत मोळ्या पडत असतात आणि बॉयलरच्या नियंत्रण कक्षातील एक हिरवा दिवा अचानक विझतो. तळहाताएवढे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड निकामी झालेले असते. बॉयलर शाबूत, टर्बाईन शाबूत, उसाचा रस काढणारे रोलरही शाबूत. परंतु त्या सर्वांना आज्ञा देणारा मेंदूच थांबल्याने अवघा कारखाना थांबतो. तोडलेला ऊस कोणासाठी थांबत नाही. तासागणिक त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा घसरतो आणि फाट्यावर बैलगाड्यांची रांग वाढत जाते. मूळ कंपनीकडे विचारणा केली तर नम्र उत्तर येते की, ही मालिका आता बंद झाली आहे. संपूर्ण नवी प्रणाली बसवून घ्यावी. या सल्ल्याची किंमत त्या कार्डाच्या कित्येक पट असते आणि तो अमलात आणण्यास लागणारे आठवडे ऐन हंगामात कोणाजवळही नसतात.

साखर कारखाना हे केवळ उदाहरण. इचलकरंजीचा सायझिंगवाला, कोल्हापूरचा फाउंड्रीमालक, भोसरी-चाकणचा लघुउद्योजक, नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्राचा अभियंता, या सर्वांच्या भिंतीवर तीच पेटी असते, जिला 'पीएलसी' म्हणतात. दुखणे वयाच्या विषमतेचे आहे. नीट निगा राखली तर बॉयलर किंवा प्रेस तीस-चाळीस वर्षे सेवा देतो. त्याच्या नियंत्रण प्रणालीचे आयुष्य मात्र चिपच्या बाजाराशी बांधलेले असते. अमेरिकेतील मोटार कारखान्यांत रिलेंचे जंजाळ माजले होते, त्यातून सुटका म्हणून १९६८-६९ च्या सुमारास 'मोडिकॉन' हा पहिला पीएलसी अवतरला. सीमेन्सची 'सिमॅटिक एस-५' १९७९ मध्ये आली आणि जगभर पसरली. आज ती इतिहासजमा आहे. तिची वारस 'एस-७-३००' ऑक्टोबर २०२३ मध्ये नेहमीच्या विक्रीतून बाहेर गेली. यापुढे ती केवळ सुटे भाग म्हणून आणि तेही २०३३ पर्यंतच मिळावयाची आहे. याबद्दल कंपन्यांना दूषणे देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांना चिप पुरविणाऱ्यानेच उत्पादन थांबविले तर त्यांचेही हात बांधले जातात. शिवाय दहा वर्षे आधी सूचना देणारी कंपनी ही तशी सज्जनच म्हणावयाची. प्रश्न एवढाच आहे की, ती सूचना आपल्याकडे वाचतो कोण? ती खरेदी विभागाच्या फायलीत जाते आणि कार्ड जळते त्या दिवशी बाहेर निघते.

कार्ड जळण्याची कारणेही फार गूढ नसतात. वीजपुरवठ्याच्या कार्डावरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात. सभोवतालचे तापमान दहा अंशांनी वाढले तर त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपल्या नियंत्रण कक्षांतील वातानुकूलन यंत्रे किती दिवस चालू असतात हे सर्वश्रुत आहे. जुन्या पीएलसीतील प्रोग्रॅम एका लहानशा बॅटरीच्या जिवावर तग धरून असतो. बॅटरी संपलेली असताना वीज गेली की यंत्राची सारी स्मृती पुसली जाते. मग त्या प्रोग्रॅमची प्रत शोधण्याची धावपळ सुरू होते. ती ज्या फ्लॉपीवर होती ती बुरशीने खाल्लेली असते, ज्या संगणकावर ती वाचता येईल तो भंगारात गेलेला असतो, आणि ज्या अभियंत्याने तो लिहिला तो निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. सुटा भाग म्हणजे केवळ कार्ड नव्हे. आराखडे, प्रोग्रॅम आणि जाणता माणूस हेही सुटे भागच होत, आणि यांतला माणूस तर कोणत्याच बाजारात विकत मिळत नाही.

कार्ड मात्र मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ हे त्याचे परिचित पत्ते. परंतु सर्वांत विलक्षण बाजार आहे तो सौराष्ट्रात, भावनगरला. तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवर अलंगचा किनारा आहे. १९८३ पासून तेथे जगभरातील निवृत्त जहाजे भरतीच्या पाण्यावर आणून वाळूत चढविली जातात आणि तोडली जातात. पोलाद वितळायला जाते. पण जहाजाच्या इंजिनकक्षातून निघालेली जर्मन, जपानी, नॉर्वेजियन बनावटीची नियंत्रण कार्डे भावनगरच्या व्यापाऱ्यांकडे येतात. तेथे ती पुसली जातात, तपासली जातात, क्रमांकानुसार मांडली जातात. जगाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या चालत्या जहाजाचे किंवा कारखान्याचे काम अडले, तर त्याला हवे असलेले, पंधरा वर्षांपूर्वी बंद झालेले कार्ड अनेकदा या गल्ल्यांत सापडते. ज्यांना आपण सहजपणे 'भंगारवाले' म्हणतो, त्यांतील कित्येक जण क्रमांकावरून मालिका आणि मालिकेवरून तिची उणीव सांगू शकतात. त्यांच्या या ज्ञानाला कोणतीही पदवी नाही, म्हणून त्याची मोजदादही नाही. जहाज तोडणाऱ्या मजुराने आगीच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या धोक्यात ते कार्ड बाहेर काढलेले असते, हेही कार्ड विकत घेणाऱ्याने विसरू नये.

या बाजाराची काळी बाजूही आहे. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने २०१२ मध्ये आपला तपास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या संरक्षण पुरवठा साखळीत २००९ आणि २०१० या दोन वर्षांत बनावट असल्याचा संशय असलेल्या भागांची सुमारे १,८०० प्रकरणे समितीला आढळली. त्यांतील भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. ज्या भागांचा माग लागला, त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिकांची वाट चीनपर्यंत पोचली. पद्धत ठरलेली असते. ई-कचऱ्यातील सर्किट बोर्ड उघड्या आगीवर तापवून चिप सुट्या करायच्या, त्यांच्या पाठीवरील मूळ खूण घासून टाकायची, वर काळा लेप द्यायचा आणि नवे नाव, नवी तारीख छापायची. अशी चिप पहिल्या चाचणीत उत्तीर्ण होते आणि बॉयलरचा दाब वाढत असताना दगा देते. स्वस्तात मिळालेल्या कार्डाचे खरे मोल तेव्हा कळते.

ही अगतिकता गरीब देशांचीच आहे असा कोणाचा समज असेल, तर तो दूर व्हावा. अवकाशयानाच्या बूस्टरची तपासणी करणाऱ्या यंत्रांसाठी इंटेलच्या ८०८६ चिप हव्यात म्हणून 'नासा'च्या कंत्राटदार कंपनीने जुनी वैद्यकीय उपकरणे विकत घेऊन त्यांतून त्या काढल्या, हे २००२ साली जगाने वाचले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची १९९८ मध्ये बसविलेली नियंत्रण प्रणाली रोज सकाळी फ्लॉपीवरून चालू करावी लागे. ती बदलण्यासाठी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे २१ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार मंजूर करावा लागला.

भारताने याच दुखण्याचे राजकीय रूपही भोगले आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. १९६९ मध्ये त्या वीज देऊ लागल्या. १९७४ ला पोखरणची चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा अणुकायदा केला आणि इंधनाबरोबर सुटे भागही अडले. मालिका बंद झाली म्हणून नव्हे, तर विकणाऱ्याने दार लावून घेतले म्हणून. आपल्या अभियंत्यांनी दुरुस्तीची तंत्रे स्वतः घडविली, पर्यायी भाग जुळविले आणि ती केंद्रे दशकानुदशके चालविली. कारण बाजाराचे असो वा राजकारणाचे, कुलूप तेच असते. तारापूरची चिकाटी राष्ट्रीय निकडीतून आली होती. गावोगावच्या कारखान्यांना मात्र तसा कोणी वाली नाही.

म्हणून निर्णयाचा क्षण यंत्र बिघडण्याचा नसून यंत्र विकत घेण्याचा आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पाणीयोजनेच्या, वीजकेंद्राच्या आणि सहकारी कारखान्याच्या निविदेत काही अटी सक्तीच्या व्हावयास हव्यात. प्रोग्रॅमची वाचता येईल अशी, टिपणांसह संपूर्ण प्रत खरेदीदाराच्या ताब्यात आली पाहिजे. विद्युत आराखडे आणि सांकेतिक शब्द सुपूर्द झाल्याखेरीज अखेरचा हप्ता सुटता कामा नये. मालिका बंद होण्यापूर्वी अखेरच्या खरेदीची संधी लेखी मिळाली पाहिजे. कालबाह्यतेचे नियोजन कसे करावे यासाठी 'आयईसी ६२४०२' हे आंतरराष्ट्रीय मानक २००७ पासून उपलब्ध आहे. त्याचा उल्लेख किती निविदांत असतो, हे अधिकाऱ्यांनी स्वतःच तपासून पाहावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चे पोर्टल सुरू केले, हे स्वागतार्ह होते. त्यात शेती उपकरणे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती वस्तू आणि वाहने आली. ज्या पेटीवर शेकडो कामगारांची रोजी अवलंबून असते, ती औद्योगिक नियंत्रण प्रणाली मात्र त्या चौकटीबाहेरच राहिली.

आणखी एक दार आपल्याच घरात आहे. मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर चिप बनविते. इस्रोसाठीचा 'विक्रम-३२०१' हा प्रोसेसर तेथेच तयार झाला. तो सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना सादर करण्यात आला. १९८९ च्या आगीने या संस्थेची उमेदीची वर्षे खाल्ली, आणि आज तिच्या तंत्राला जुने म्हणून नाके मुरडणारे कमी नाहीत. पण कारखान्यांतील बंद पडणाऱ्या चिप अतिसूक्ष्म तंत्राच्या नसतात. त्या याच, किंबहुना याहूनही जुन्या पिढीच्या असतात. अमेरिकेत रोचेस्टर इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९८१ पासून हाच व्यवसाय करते. मूळ उत्पादकाचा रीतसर परवाना घेऊन ती बंद झालेल्या चिप पुन्हा बनविते आणि विकते. मोहालीत सगळ्याच चिप जशाच्या तशा बनतील असे नाही. पाच व्होल्टवर चालणाऱ्या कित्येकांची रचना नव्याने मांडावी लागेल आणि परवान्यांसाठी वाटाघाटी कराव्या लागतील. ते काम अभियंत्यांचे आहे आणि ते करणारे अभियंते देशात आहेत. भावनगर, लॅमिंग्टन रोड आणि कारखान्यांचे देखभाल विभाग यांच्याकडून सर्वाधिक मागणी असलेल्या शंभर चिपची यादी मागविणे, हे त्याआधीचे काम आहे. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचे एक पत्र पुरेसे आहे.