फाटा ते गेट

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला नुकतीच नोकरी लागली. परवा तिने विचारलं, "ताई, ऑफिसलाही चालेल आणि शनिवार-रविवारीही चालेल अशी एकच फ्लॅट चप्पल कोणती घेऊ?" मी म्हटलं, आधी हे सांग, बसमधून कुठे उतरतेस?

ती हसली. मी मस्करी करत नव्हते. आपल्या मुळशीत बाईने पायात काय घालायचं हे तिची आवड ठरवत नाही, ड्रेस तर नाहीच नाही. ते ठरतं फाटा ते गेट या रस्त्यावर. पौड रोडला उतरायचं, डंपरला जागा देत कडेच्या मुरुमातून चालायचं, आणि जून लागला की त्याच मुरुमाचा चिखल. तिकडे हिंजवडीत इमारती काचेच्या, पण जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर घोटाभर पाणी. रीलमध्ये दाखवतात ती नाजूक बेली आणि वर घोट्यापर्यंतची पँट हे सगळं फुटपाथ आहे असं धरून सांगितलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी मी एका ऑफिसात नवीन लागले तेव्हा "जरा प्रेझेंटेबल दिसा, थोडी हील घालत जा" असं मला सांगितलं गेलं. घातली. तिसऱ्याच आठवड्यात उघड्या चेंबरच्या कडेला पाय मुरगळला, १२ दिवस घरी. परत गेल्यावर मेडिकल सर्टिफिकेट मागितलं, हीलबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तिकडे ब्रिटनमध्ये हील नाही म्हणून घरी पाठवलेल्या एका रिसेप्शनिस्टने अर्ज केला, दीड लाख लोकांनी सह्या केल्या आणि २०१७ मध्ये थेट संसदेत चर्चा झाली. मी काय केलं? ती सँडल कामवाल्या मावशींच्या मुलीला देऊन टाकली. म्हणजे बला दुसरीच्या पायात घातली, आता वाईट वाटतं.

तर फ्लॅटच घ्या. पण सपाट म्हणजे पायाला चांगली असं समजू नका. पापडासारख्या पातळ तळाच्या बेलीने टाच अशी धरते की सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकवत नाही. दुकानात चप्पल हातात घेऊन वाकवून बघा. बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध दुमडली तर ठेवून द्या. खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. आणि दोन्ही पायांत घालून चार पावलं चाला, दुकानदार कितीही घाई करो.

आपला पाय रुंद असतो, हे नुसतं आईचं म्हणणं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात ७९ ठिकाणी लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यात आपले पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाले. दुकानात मापं मात्र त्यांचीच. मग रुंदीसाठी आपण एक नंबर मोठा घेतो आणि टाच मागून निसटते. म्हणून पुढे निमुळतं असलेलं काहीही सेलमध्ये दिसलं तरी सोडा.

त्या मुलीचा स्टॉप निघाला घोटावडे फाटा. तिला म्हटलं, एका जोडीत भागणार नाही, पावसाळ्यासाठी मागे पट्टा असलेली रबरी सँडल घे. नुसती अंगठ्याची नको, चिखलात चप्पल तिथेच राहते आणि पाय पुढे येतो. ऑफिसात टेबलाखाली एक कोरडा लोफर ठेव. तपकिरी घे, कुर्ता, जीन्स, साडी सगळ्यावर जातो. साडी नेसायची असेल तेव्हा फ्लॅट आधी पायात घाल, मग नेस, नाहीतर निऱ्या रस्ता झाडत येतात.

सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरीच. तिला २०१९ मध्ये जीआय मिळाला, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तशीच चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळ्यांनी केवढा आरडाओरडा केला. बरोबरच केला. पण आपण स्वतः रेक्झिनची कोल्हापुरी घासाघीस करून घेतो, त्याचं काय? खरी चामड्याची घ्या, तेल लावून दोन दिवस घरात वापरा, आणि पावसात बाहेर काढू नका. चामडं भिजलं की फुगतं. म्हणजे आपल्याकडे ती दिवाळी ते मे.

हे झालं टेबल असणाऱ्यांचं. माझी वहिनी पिरंगुटला एका कारखान्यात लाइनवर आठ तास उभी असते. सेफ्टी शूज कंपनी देते, पण पुरुषांच्या मापाचे. सगळ्यात लहान सहा नंबर, तिचा पाय चार. दोन मोजे आणि पुढे कापूस कोंबून ती दिवस काढते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात. भातलावणीत आईला व्हायच्या तशाच. आई निदान चिखलात उभी होती हो, ही फरशीवर उभी आहे!

उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४४ मध्ये लिहिलेलं होतं. २०२० च्या नव्या संहितेतही ते आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांनाही हा हक्क दिला. बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज बाजारात मिळतात, फक्त ऑर्डर देताना कोणीतरी नंबर विचारायला हवा.

कोणी म्हणेल, तालुक्यात ट्रॅफिक आहे, कचरा आहे, पाणी आहे, आणि ही बाई चपलांवर लिहिते. अहो, ट्रॅफिकबद्दल बोलणारे सगळे गाडीत बसून बोलतात. रस्ता रुंद करा म्हणतात, कडेने चालणारी त्यांना दिसतच नाही. निवडणूक आली की हळदीकुंकू होतं, पैठणीचे खेळ होतात. मीही जाते, एकदा डबा जिंकलाय. यंदा वाण देणाऱ्याला मी विचारणार आहे, भूगाव ते पिरंगुट दोन्ही कडांना चालायला सलग पट्टा कधी? दोन बायका शेजारी चालतील एवढा, आणि चेंबरला झाकणं.

वहिनीने आणि तिच्या लाइनवरच्या दोघींनी सोमवारी कंपनीत अर्ज दिला. मीच लिहून दिला, चार ओळींचा: नंबर चार, चार आणि पाच. अर्ज घेतला, पोच दिली नाही. उद्या पहिल्या पाळीला जाताना ती पोच मागणार आहे.