प्रभारींचा फरक कोण देणार?

शिरूर असो की दौंड, तहसीलची, पंचायत समितीची कचेरी घ्या नाहीतर जिल्हा परिषदेची शाळा. 'प्रभारी' हा शब्द आता कुणाला खटकतही नाही. खालच्या पदावरच्या माणसाने वरची खुर्ची सांभाळायची, सह्या करायच्या, चौकशी लागली तर तीही अंगावर घ्यायची आणि पगार मात्र खालच्याच पदाचा! आम्ही याला वेठ म्हणतो.

शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाच्या वाचकांना हे नवे नाही. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आले आणि 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. महाराने सरकारचे काम रात्रंदिवस करावे आणि मोबदला म्हणून गावाकडून बलुते मागत फिरावे, हे त्यांना मान्य नव्हते. सरकारचे काम असेल तर सरकारने रोख पगार द्यावा, एवढाच तो रोकडा सवाल होता.

यात आपल्या माणसाची दुहेरी लूट आहे. पदोन्नतीतील आरक्षणाचा 2004 चा शासन निर्णय उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्द केला आणि 7 मे 2021 च्या निर्णयाने सरकारने पदोन्नतीच्या सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरायला काढल्या. मागासवर्गीय कर्मचारी वरच्या पदाचे काम करायला लायक, त्या पदावर बसायला मात्र नालायक! हा कुठला न्याय?

'वाढीव वेतन मागणार नाही' असे लिहून घेतात, म्हणून अनेकजण गप्प बसतात. त्यांनी घाबरू नये. चंदीगडच्या एका अभियंत्याकडून असेच लिहून घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये असा करार कायद्याविरुद्ध ठरवला. त्याच वर्षी अंदमानातल्या एका प्राथमिक शिक्षकाला, त्याने सांभाळलेल्या स्काउट सचिवपदाच्या पगाराचा फरक मिळाला. सरकारी वकील गोव्याच्या प्रकरणातला 1991 चा निकाल पुढे करतील. नुसता कार्यभार म्हणजे पदोन्नती नव्हे, असे तो सांगतो. ठीक आहे. पण इथे पदोन्नती कोण मागतोय? केलेल्या कामाचे दाम मागतोय.

तोंडी हुकमावर मात्र कुणी खुर्चीत बसू नये. कार्यभाराचा लेखी आदेश आणि कार्यभार घेतल्याचा अहवाल जपून ठेवावा. अतिरिक्त कार्यभाराच्या मोबदल्याची तरतूद 1981 च्या वेतन नियमांतच आहे. तिचा हवाला देऊन अर्ज करावा आणि पोच घ्यावी. नकार आला तर राज्य कर्मचाऱ्याने वर्षाच्या आत प्रशासकीय न्यायाधिकरणात जावे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला उच्च न्यायालय गाठावे लागते. उशीर परवडणारा नाही, कारण न्यायालये थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच देतात. आणि आमच्या कर्मचारी संघटनांनी सत्कार समारंभांतून थोडी सवड काढून तालुक्यातल्या प्रभारींची यादी तरी करावी.