कात्री चालवणाऱ्यांच्या बाजूनं

वर्डप्रेसमधून फुटून निघालेल्या क्लासिकप्रेसचा विषय निघाला की आपल्याकडच्या वर्डप्रेसवाल्यांच्या तोंडावर जे तुच्छतेचं हसू उमटतं, त्याची मला चीड आहे. काळाबरोबर चालता न आलेल्यांचा हट्ट, असं म्हणून विषय मोडीत काढला जातो. ज्या सॉफ्टवेअरवर यांची पोटं भरतात, त्याचा जन्मदाखला यांच्यापैकी कितीजणांनी वाचलाय?

वर्डप्रेस कुणी कोऱ्या पाटीवर लिहिलेलं नाही. मिशेल वाल्द्रिगी नावाच्या माणसानं २००१ मध्ये 'बी२ कॅफेलॉग' हे ब्लॉग चालवायचं छोटं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पुढे तो गप्प झाला. काम थांबलं आणि वापरणारे अधांतरी राहिले. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या मॅट मुलेनवेगनं, वय वर्षं १९, जाहीर लिहिलं की याचा परवाना जीपीएल आहे, तेव्हा हाच कोड उचलून पुढे नेता येईल. इंग्लंडमधला माइक लिटल म्हणाला, खरंच करणार असशील तर मी आहे. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. म्हणजे जुनं, थांबलेलं काम उचलायचं, साफसूफ करायची आणि साधं करून लोकांना द्यायचं. फोर्क म्हणतात तो हाच. त्याच बी२ मधून फ्रान्स्वा प्लांकनं 'बी२इव्होल्यूशन' काढलं, तेव्हाही फूट पडली म्हणून कुणी गळा काढला नाही.

मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरनं परवान्याचे आणि किमतीचे नियम बदलले आणि त्यांचे चिडलेले लेखक वर्डप्रेसकडे वळले. का वळले? चढवायला पाच मिनिटं लागायची, शीर्षक आणि मजकूर लिहायला दोन चौकटी होत्या आणि उद्या कुणी मालक उठून अडवणार नाही याची खात्री होती. वर्डप्रेस मोठं झालं ते या साधेपणावर. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात.

आणि त्याच साधेपणावर ६ डिसेंबर २०१८ ला घाव घातला गेला. आवृत्ती ५.० मध्ये गुटेनबर्ग हा, लेख तुकड्यातुकड्यांनी रचायला लावणारा, ब्लॉक एडिटर सगळ्यांच्या माथी मारला. सुलभतेचं काम पाहणाऱ्या गटाच्या प्रमुख रियान रिटवेल्ड यांनी त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, राजीनामा दिला होता. अंध वाचक-लेखकांना हा एडिटर वापरता येईल का, याची बाहेरून तपासणी करून घ्यायचं आधी ठरलं, मग ते बारगळलं. शेवटी शिक्षणसंस्थांत वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या 'डब्ल्यूपीकॅम्पस' या गटानं वर्गणी काढून ती करून घेतली. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या दुनियेत ही वेळ यावी, याची कुणाला लाज वाटली नाही.

बदल नुसता दिसण्याचा नव्हता. पूर्वी लेख डेटाबेसमध्ये साध्या एचटीएमएलमध्ये पडायचा. आता प्रत्येक परिच्छेदाच्या अलीकडे-पलीकडे ब्लॉकच्या खुणा चिकटतात. उद्या दुसरीकडे जायचं ठरवलं तर लेखाबरोबर तो कचराही वाहून न्यायचा. पूर्वी थीमची पीएचपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून, चार ओळी बदलून एफटीपीनं चढवली की काम व्हायचं. अर्ध्या महाराष्ट्रातली पोरं याच वाटेनं प्रोग्रॅमिंग शिकली. आता ब्लॉक बनवायचा तर रिॲक्ट, नोड आणि बिल्डची साधनं असा लवाजमा गोळा करावा लागतो. तालुक्याच्या वाचनालयाला कार्यक्रमाची सूचना आणि दोन फोटो टाकायचे असतात. एका खोलीची गरज असलेल्याच्या गळ्यात बंगला मारायचा आणि झाडलोटीचा खर्चही त्याच्याकडूनच वसूल करायचा, असा हा व्यवहार आहे.

लोकांना काय हवं होतं ते लोकांनी सांगितलं. जुना एडिटर परत आणणारं 'क्लासिक एडिटर' हे प्लगइन पन्नास लाखांहून जास्त साइटवर सुरू आहे. त्याला वापरणारे जवळजवळ पाचपैकी पाच तारे देतात, तर गुटेनबर्गच्या प्लगइनला दोनच्या आसपास. 'क्लासिक एडिटर'चा आधार २०२१ पर्यंतच, असं आधी सांगितलं, मग ती मुदत पुढे पुढे ढकलली. इतका उघड कौल मिळूनही मूळ वाट बदलली नाही.

मग स्कॉट बोलर आणि त्याच्या साथीदारांनी २०१८ मध्येच ४.९ ही जुनी आवृत्ती धरून क्लासिकप्रेस काढलं, यात चुकलं काय? मुलेनवेगनं २००३ मध्ये जे केलं तेच त्यांनी केलं. एकच फरक होता. बी२ चा मालक गप्प झाला होता, वर्डप्रेसचे मालक मात्र बोलत होते, फक्त ऐकत नव्हते. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्हींत अंतर नाही. वेबसाइट चालवायच्या द्रुपल या सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हेच घडलं. आठवी आवृत्ती छोट्या संस्थांच्या आवाक्याबाहेर चालली म्हणून सातवी धरून 'बॅकड्रॉप' निघालं. २०१५ मध्ये त्याची १.० आली आणि ते आजही चालू आहे.

हे काम सोपं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. कापणं एका दिवसात होतं, कापलेलं जपायला वर्षं जातात. मूळ प्रकल्पात सुरक्षेची भोकं सापडली की त्यांचे पॅच आपल्या कोडला बसवून घ्यावे लागतात. प्लगइन लिहिणारे नव्या वर्डप्रेसकडे पाहून लिहितात, त्यामुळे जुन्या पायावर ती हळूहळू चालेनाशी होतात. ४.९ च्या पायावर फार काळ तग धरता येईना, तेव्हा क्लासिकप्रेसवाल्यांनी मोठ्या वादानंतर वर्डप्रेस ६.२ उचललं, त्यातला ब्लॉक एडिटर पुन्हा उपसून काढला आणि २०२४ मध्ये २.० दिलं. मूठभर स्वयंसेवकांनी केलेली ही मेहनत आहे. तिला हट्ट म्हणणाऱ्यानं एकदा तरी दुसऱ्याच्या लाखो ओळींच्या कोडमधून एक अवयव काढून उरलेलं जिवंत ठेवून दाखवावं.

'फूट पाडता' हा आरोप तर आता या मंडळींनी तोंडातून काढूच नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलेनवेगचं डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी भांडण पेटलं असताना वर्डप्रेस.ऑर्गनं आपल्या प्लगइनच्या यादीतली त्या कंपनीच्या 'ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' या प्लगइनची जागाच ताब्यात घेतली, नाव बदलून 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' केलं आणि त्याला फोर्क म्हटलं. हा फोर्क नव्हे. फोर्क करणारा नवं नाव घेतो, नवा पत्ता घेतो आणि शून्य वापरकर्त्यांपासून सुरुवात करतो. ज्याला पटेल तो स्वतःच्या पायांनी येतो. इथे दुसऱ्याच्या पत्त्यावर बसून, त्याच्याच वापरकर्त्यांच्या साइटवर अपडेटच्या वाटेनं आपला कोड उतरवला. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, तेव्हा ती जागा परत गेली. क्लासिकप्रेसनं कुणाचा एक वापरकर्ता असा ओढला नाही. तरीही नाकं मुरडली जातात ती त्यांच्याच नावानं.

माझा सगळ्यात मोठा राग आपल्या माणसांवर आहे. पुणे, मुंबई, कोल्हापूर इथे वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे, भरतात. वर्डप्रेसवर उभे असलेले छोटे-मोठे धंदे गावोगाव आहेत. यातले कितीतरीजण ग्राहकाची साइट हाती घेतली की पहिल्यांदा 'क्लासिक एडिटर' टाकतात. ग्राहकाला काय झेपतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरीही चारचौघांत ते ब्लॉकचेच गोडवे गातात, कारण प्रवाहाविरुद्ध बोललं तर पुढच्या कॅम्पला मंच मिळणार नाही, ही भीती. साधेपणाचा फायदा खिशात घालायचा आणि तो साधेपणा जिवंत ठेवणाऱ्यांना एक पॅचही द्यायचा नाही, याला मी अप्रामाणिकपणा म्हणतो.

पुढच्या वेळी एखादं वाचनालय किंवा दिवाळी अंकाचा संपादक साइटसाठी तुमच्याकडे आला, तर दोन्ही एडिटर त्याच्यासमोर उघडा आणि त्याच्याच हातानं एक लेख टाकून बघायला सांगा. त्यानं साधा निवडला, तर साइट क्लासिकप्रेसवर बांधा, तुमची नेहमीची प्लगइन त्यावर तपासा आणि जे मोडेल त्याची दुरुस्ती त्या प्रकल्पाला पाठवा. मराठी भाषांतरातली जी वाक्यं राहिली असतील, ती पुरी करा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, परवाना जीपीएलच आहे.